सगळ्यांच्या मागे उभे राहणारे भाऊजी

आमच्या भाऊजींना रक्त बघवत नाही. मागे एकदा कांदा चिरताना माझं बोट कापलं, तर बोटाला फडकं मीच गुंडाळलं आणि पाण्याचा ग्लास भाऊजींना द्यावा लागला. ते ओट्याला टेकून खाली बसले होते, डोळे घट्ट मिटून, आणि "फार नाही ना लागलं, फार नाही ना लागलं" असं पुटपुटत होते. सासूबाईंनी आतून विचारलं, "कुणाला लागलंय नक्की?"

आणि हेच भाऊजी रोज संध्याकाळी वरच्या खोलीत बसून चार जणांना मरणाच्या दारातून ओढून आणतात. एकदा नाही, दर दोन मिनिटांनी.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. चाळिशी ओलांडली आहे, लग्न झालेलं नाही, आणि केस कपाळावरून मागे सरकायला लागले आहेत. तेसुद्धा कुणालातरी जागा हवी असेल म्हणूनच सरकले असतील. नोकरी लिफ्टच्या कंपनीत. लिफ्ट मध्येच बंद पडली की आत अडकलेला माणूस घाबरून जे बटण दाबतो, त्याचा फोन भाऊजींच्या टेबलावर वाजतो. समोर एक मोठा फलक, त्यावर इमारतींच्या नावापुढे बारीक दिवे. हिरवा म्हणजे सगळं ठीक, लाल म्हणजे कुणीतरी अडकलंय. मेकॅनिक पोहोचेपर्यंत त्या माणसाशी बोलत राहायचं, त्याला घाबरू द्यायचं नाही, एवढंच भाऊजींचं काम. पण ते असं करतात की एक बाई दार उघडल्यावर मेकॅनिकला म्हणाल्या होत्या, "थांबा हो जरा, बहिणीचं अर्धंच सांगून झालंय."

असा माणूस संध्याकाळी घरी येऊन काय करील? संगणकावर एक खेळ उघडतो आणि तिथेही हिरव्या-लाल पट्ट्या बघत बसतो.

हा खेळ मला कळला तो वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालता घालता. भाऊजींच्या खोलीतली खाट कपड्यांच्या ढिगाला सोयीची आहे, आणि त्यांचा कानाला लावायचा हेडफोन ऑफिसातल्या जोडीदाराने "दोन दिवसांत देतो" म्हणून नेला, तो काही परत आला नाही. भाऊजींनी मागितलाही नाही. त्यामुळे खेळातले सगळे आवाज उघड्यावर, आणि अख्ख्या घराला फुकट श्रवण.

तर पाच जणांची टोळी आहे. पाचही जण आपापल्या घरी बसून खेळतात, कुणी कुणाला पाहिलेलं नाही, खरी नावंही माहीत नाहीत. सगळ्यांत पुढे एक बाई. अंगभर चिलखत, हातात दाराएवढी ढाल. समोर येणारा राक्षस असो की अजगर, त्याचे सगळे फटके तिने स्वतःवर घ्यायचे, म्हणून तिचं नाव भिंत. मधे तिघं मारामारी करणारे. त्यांतला एक हातातून आगीचे गोळे फेकतो, कुणी 'चला' म्हणायच्या आत जाऊन राक्षसाच्या पायात घुसतो आणि रोज भाजून निघतो. त्याला सगळे भडक्या म्हणतात. खऱ्या आयुष्यात तो विमा विकतो. दिवसभर लोकांना सांगत असतो म्हणे की माणसाने जोखीम घेऊ नये.

आणि सगळ्यांच्या मागे, हिरवी काठी घेतलेले, पायघोळ अंगरख्यातले आमचे भाऊजी. खेळात त्यांचं नाव मलम. ते कुणालाही मारत नाहीत. ज्याला लागलं त्याच्याकडे काठी करायची की त्याची जखम भरते. कोणी पूर्णच मेला, तर त्याला उठवायचं कामही यांचंच. पडद्याच्या कडेला पाच पट्ट्या असतात, प्रत्येकाच्या जिवाची एक. फटका बसला की पट्टी आखडते आणि लाल होते, भाऊजींनी काठी फिरवली की पुन्हा भरून हिरवी.

मोठं औषध द्यायच्या आधी भाऊजी खाकरतात. हे त्यांना स्वतःला माहीत नाही. पण टोळीत त्यावरून चेष्टा चालते. "खाकरले रे, आलं औषध," असं भडक्या ओरडतो आणि पुन्हा आगीत उडी घेतो.

एकदा डोंगराएवढा राक्षस पडला. सगळे जल्लोष करत होते. मी उशीच्या खोळीची घडी घालत विचारलं, "कसा होता हो दिसायला?"

"कोण?"

"अहो, राक्षस! तासभर लढलात ना त्याच्याशी?"

भाऊजी विचारात पडले. "शिंगं असावीत," म्हणाले. "वहिनी, खरं सांगू, मी पट्ट्यांवरून नजर काढलीच नाही."

तीन वर्षं हा माणूस राक्षसांशी लढतोय आणि एकाचंही तोंड याने पाहिलेलं नाही! पण मला हसू आलं तसं थोडं ओळखीचंही वाटलं. आपल्याकडे पाहुणे जेवतात तेव्हा आपणही त्यांची तोंडं कुठे बघतो? आपलं लक्ष ताटांवर. कुणाचं काय संपलं, कुणाला काय हवं. बरं, सगळं वेळेवर मिळालं तर कुणी काही बोलत नाही, आणि मीठ कमी पडलं की पंचायत बसते. तिथेही तसंच. राक्षस पडला की भडक्या म्हणणार, "बघितलं, कसा जाळला!" आणि भडक्या पडला की म्हणणार, "मलम झोपलाय का?"

मी एकदा न राहवून म्हटलंही, "त्याला एकदा ऐकवा की दोन शब्द."

"अहो, भाजलेला माणूस असाच बोलतो," भाऊजी म्हणाले. "लिफ्टमधलेही बोलतात."

पण या कामाचा एक नियम आहे आणि तो भिंतीने माझ्यासमोर त्यांना निदान शंभरदा सांगितला असेल. आधी भिंत, मग आपण स्वतः, मग बाकीचे. कारण उठवणारा एकच. तोच पडला तर पडलेल्यांना उठवायला कुणी उरत नाही, सगळी टोळी संपते. भाऊजींना नियम तोंडपाठ आहे. फक्त हात ऐकत नाही. त्यांचा क्रम असा: आधी भिंत, मग भडक्या, मग उरलेले दोघं, मग पुन्हा भडक्या, आणि जमलंच तर आपण.

"मलम," भिंतीचा आवाज यायचा, अगदी शांत, जाडसर, "तुमची पट्टी लाल झालीये. दिसतेय का?"

"हो हो, घेतोच आता. फक्त भडक्याचं एवढं..."

"घ्या. मेलात."

आणि खरंच भाऊजी आडवे. पाठोपाठ सगळे.

"अहो, त्याला पडू द्यायचं," ती म्हणायची. "एक पडला तर चालतं. नंतर उठवता येतं. तुम्ही पडलात की दुकान बंद. किती वेळा सांगायचं?"

"चुकलंच," भाऊजी म्हणायचे, आणि दुसऱ्या दिवशी तेच करायचे.

घरात तरी काय वेगळं आहे? करपलेला टोस्ट भाऊजींच्या बशीत, कान तुटलेला कप त्यांच्या हातात, खिडकीकडची गार जागा त्यांची. ऑफिसात जोडीदाराच्या सासऱ्यांचा वाढदिवस असो की मेव्हण्याचं घर बदलणं असो, ड्युटी भाऊजींची. सासूबाईंना मणक्याचं दुखणं आलं, त्या काही वर्षं अंथरुणावरच होत्या, तेव्हा रात्री उठणं भाऊजींनी स्वतःकडे घेतलं. यांना म्हणाले, "दादा, तुला सकाळी लवकर जायचं असतं." जणू काही स्वतःला दुपारी जायचं असतं. लग्नाचं कोणी काढलं की म्हणायचे, "आईचं जरा मार्गी लागू दे." ते लागलं, सासूबाई काठी घेऊन घरभर फिरायला लागल्या, तोवर भाऊजींना कुणी विचारायचं सोडून दिलं होतं. मध्ये माझ्या मैत्रिणीने तिच्या ऑफिसातल्या एकीची ओळख करून दिली. भाऊजी तिला दोनदा भेटले, तिचं सगळं मन लावून ऐकून घेतलं, आणि तिला ज्याच्याशी लग्न करायचं होतं पण धीर होत नव्हता, त्याच्याशी तिचं जुळवून देऊन आले. वर लग्नात जाऊन वाढायलाही उभे राहिले.

तर अशात एका संध्याकाळी खेळ संपला, बाकीचे तिघं निघून गेले, आणि भिंत म्हणाली, "मलम, थांबा जरा."

मी चादरीचं एक टोक हनुवटीखाली धरून तशीच थांबले. थांबायला मला कुणी सांगितलं नव्हतं, हे खरं.

भिंत मोटार शिकवण्याच्या शाळेत शिकवते, हे आम्हाला माहीत होतं. ती याच शहरात राहते हेही दोन महिन्यांपूर्वी योगायोगाने कळलं होतं, आणि तेव्हापासून भाऊजी रस्त्याने जाताना शिकाऊ गाडी दिसली की पदपथावरच्या झाडाआड व्हायचे. आता ती म्हणाली की तिची शाळा दुसऱ्या गावात शाखा काढतेय आणि तिला तिकडे नेमलंय. महिनाअखेर जायचं. संध्याकाळचे सगळे वर्ग तिच्याकडे.

"म्हणजे हा खेळ संपला माझा," ती म्हणाली.

पडद्यावर भाऊजींचा तो अंगरखेवाला उगाच हिरवी काठी हलवत उभा होता.

"जायच्या आधी एकदा भेटू या. रविवारी चार वाजता, बस स्थानकासमोर कॉफीचं दुकान आहे ना, तिथे. माझा तपकिरी कोट असेल."

"रविवारी," भाऊजी म्हणाले.

"यायचं नसेल तर नका येऊ. राग नाही. पण मी पुन्हा विचारणार नाही. मागे वळून बघायचा माझा स्वभाव नाही, तुम्हाला माहितीये."

ते भाऊजींनाच काय, मलाही माहीत होतं. खेळात तिने पाठ फिरवली की राक्षसही तिच्याबरोबर फिरतो आणि मागच्यांवर येतो. म्हणून ती कधीच वळत नाही. तीन वर्षांत भाऊजींनी तिची फक्त पाठ पाहिली होती.

ती गेल्यावर मी चादर सोडली. "जाणार ना?"

"बघू," भाऊजी म्हणाले. मग जरा वेळाने, "वहिनी, माझा निळा शर्ट इस्त्रीला आहे का?"

म्हणजे जाणार होते. आठवडाभर घरात मजा होती. यांनी पेपरच्या आडून विचारलं, "काठी घेऊन जाणार आहेस का रे?" भाऊजींनी नुसतंच "दादा!" म्हटलं आणि कपात दोनदा साखर घातली. पण शीळ घालत जिना उतरायला लागले. या घरात आल्यापासून मी त्यांची शीळ ऐकली नव्हती. इतकी बेसूर असेल असं वाटलं नव्हतं.

शनिवारी संध्याकाळी मी आणि सासूबाई जेवणाच्या टेबलाशी वाटाणे सोलत होतो. भाऊजी फोन हातात घेऊन आले आणि खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले.

"वहिनी, उद्याचं राहू देऊ या. ऑफिसातून फोन होता. जोडीदाराला मॅचची तिकिटं मिळालीत. मी त्याला सांगितलं, करतो मी ड्युटी."

"काय?"

"त्याला पुन्हा कधी मिळणार? आणि तिला मी निरोप पाठवतो. ती समजूतदार आहे."

मला इतका राग आला की शेंगेसकट वाटाणे सालींच्या ढिगात टाकले. "भाऊजी, ती पुन्हा विचारणार नाही म्हणालीये. ऐकलंय मी माझ्या कानांनी."

"हो, पण आता तर मी हो म्हणून बसलो ना."

"मग नाही म्हणा."

"त्याने तिकिटं घेतलीत, वहिनी."

"घेऊ दे! त्याने तुमचा हेडफोनही घेतलाय!"

भाऊजी खाली मान घालून उभे. तेवढ्यात सासूबाईंनी हातातली शेंग टेबलावर आपटली.

"अरे, त्या भडक्याला मरू दे की एकदा!"

आम्ही दोघंही त्यांच्याकडे बघत राहिलो. सासूबाईंना कमी ऐकू येतं. 'चहा घेता का' पहिल्यांदा ऐकू येतं, 'गोळी घेतली का' तिसऱ्यांदा. वरच्या खोलीतला खेळ त्यांना ऐकू येत असेल असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

"बघताय काय?" सासूबाई म्हणाल्या. "रोज तीच कथा. तो मेला उठसूट आगीत जातो आणि तू त्याच्यामागे औषध घेऊन पळतोस. ती बिचारी ढालवाली घसा फोडून सांगते, आधी स्वतःचं बघ. एक पडला तर चालतं म्हणते. तुझ्या ऑफिसातला हा भडक्या नाही तर कोण आहे?"

"आई, अगं, ते खेळात..."

"मी काय सांगते ते ऐक." त्यांनी काठी टेबलाला टेकवली. आवाज जरा उतरला. "माझ्यापायी तू बरीच वर्षं मागे उभा राहिलास. मला पडल्या पडल्या दिसत होतं. तेव्हा मी बोलले नाही, कारण मला तू हवा होतास. आता मी चालते-फिरते. माझी पट्टी हिरवी आहे. उचल तो फोन."

भाऊजींनी फोन उचलला. मग ठेवला. मग पाणी प्यायले. दोन मजल्यांच्या मध्ये अंधारात अडकलेल्या माणसाशी हसत-खेळत बोलणारा हा माणूस, पण स्वतः हो आणि नाहीच्या मध्ये असा अडकला होता की मेकॅनिक बोलवावा लागला असता. शेवटी त्यांनी नंबर लावला, खाकरले, आणि म्हणाले, "अरे, उद्याचं... मला नाही जमणार."

पलीकडून काहीतरी दोन-तीन शब्द आले. भाऊजींनी फोन ठेवला आणि त्यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं, शिव्या खाल्ल्या.

"काय म्हणाला?"

"'बरं' म्हणाला," भाऊजी म्हणाले. "'बरं, दुसऱ्याला विचारतो.' एवढंच. वहिनी, तो नुसतं 'बरं' म्हणाला!"

सासूबाईंनी पुढची शेंग उचलली. आता त्यांना पुन्हा ऐकू येत नव्हतं.

रविवारी भाऊजींनी मला बरोबर ओढलं. "तुम्ही लांब बसा, पण तिथे असा," म्हणाले. बसमधून उतरेपर्यंत ठीक होते. दुकानाच्या दारात मात्र त्यांनी मला पुढे केलं.

दुकान छोटंच. काचेच्या कपाटात केक, भिंतीला लागून टेबलं, मध्ये एक जाड खांब. मी कोपऱ्यातलं टेबल धरलं आणि आजूबाजूला पाहिलं. तपकिरी कोट लगेच दिसला. कपाटाकडे तोंड आणि दाराकडे पाठ करून एक बाई बसली होती, ताठ, खांदे रुंद, मानेवर आखूड केस. ज्या माणसाला आपण भेटायला बोलावलंय, त्याच्याकडे पाठ करून कोण बसतं? पण तिच्या धंद्यात नजर गाडीच्या पुढच्या काचेवर, आणि खेळात समोरच्या राक्षसावर. तिची तीच सवय.

आता आमचे भाऊजी बघा. ते आत आले, त्यांना ती पाठ दिसली, आणि त्यांचा चेहरा उजळला. त्या पाठीला ते जन्मभर ओळखत असल्यासारखे. सरळ चालत गेले आणि तिच्यापासून पाच-सहा पावलं मागे, खांबाशी, उभे राहिले. मग हालेनात.

मला वाटलं, धीर गोळा करतायत. मी कॉफी मागवली. कॉफी आली. भाऊजी खांबाशीच. तिच्या पाठीकडे बघतायत, आजूबाजूला बघतायत, वेटर गरम कपांचा ट्रे घेऊन तिच्या जवळून गेला तेव्हा एक पाऊल पुढेसुद्धा सरकले आणि ट्रे सुखरूप गेल्यावर पुन्हा मागे. मग माझ्या लक्षात आलं. हा माणूस घाबरलेला नव्हता. तो आपल्या जागेवर उभा होता! तीन वर्षं ती पुढे आणि हे मागे. त्यांच्या मते भेट सुरू झाली होती.

मी भुवया उडवल्या. मानेने खुणावलं. चमचा बशीत पाडला. भाऊजींनी माझ्याकडे बघून मान डोलावली, 'सगळं ठीक चाललंय' अशी.

वेटर त्यांना म्हणाला, "साहेब, बसणार का? जागा आहे."

"नको," भाऊजी हळूच म्हणाले, "मी इथे बरा."

तिने घड्याळ पाहिलं. दाराकडे मात्र एकदाही वळली नाही. मग फोन काढून काहीतरी लिहिलं, आणि खांबाशी भाऊजींचा खिसा थरथरला. त्यांनी फोन काढून वाचलं आणि तोंडावरचा रंगच गेला. नंतर मला कळलं, तिने लिहिलं होतं, 'कप संपेपर्यंत थांबते, मग निघते.' भाऊजींनी उत्तर लिहायला घेतलं. लिहिलं, खोडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. हाकेच्याही नाही, कुजबुजीच्या अंतरावर उभा राहून हा माणूस तिला टपाल पाठवत होता, आणि तेही जात नव्हतं.

तिने कप उचलून शेवटचा घोट घेतला. कप खाली ठेवला. फोन पिशवीत टाकला आणि कोटाची बटणं लावायला घेतली.

मी खुर्ची मागे सरकवून उठलेच. म्हटलं, आता मलाच जाऊन सांगायला हवं की बाई, तुमचा मलम मागे खांबाला चिकटलाय. पण भाऊजींचं माझ्याकडे लक्ष नव्हतं, खांबाकडे नव्हतं, वेटरकडेही नव्हतं. ते तिच्या बटणांकडे बघत होते. म्हणजे बटणागणिक वर जाणाऱ्या कोपराकडे. शेवटचं बटण उरलं आणि ते खाकरले.

कोपर थांबलं.

"आलात?" ती म्हणाली. वळली नाही. तोच जाडसर, शांत आवाज.

"हो," भाऊजी म्हणाले.

"कधीचे आलाय?"

"तुमच्या... तुमच्या निम्म्या कपापासून."

तिचे खांदे हलायला लागले. आधी मला वाटलं, रडतेय. मग हसू ऐकू आलं, चांगलं दुकानभर. "मलम," ती म्हणाली, "इथे कुणी मारायला येत नाहीये. पुढे या. बसा समोर."

आणि भाऊजी खांब सोडून निघाले. तिला वळसा घालून पुढे गेले, खुर्ची ओढली आणि बसले. त्यांची पाठ कपाटातल्या केककडे, तोंड तिच्याकडे. मला आता तिची पाठ आणि भाऊजींचं तोंड दिसत होतं. ते कसं होतं ते मी सांगणार नाही. माझे दीर आहेत, थोडी अब्रू राखायला हवी.

त्यानंतर मी आणखी एक कॉफी प्यायले, केकही खाल्ला, आणि शेवटी एकटीच बसने घरी आले. मी तिथे आहे हे भाऊजी साफ विसरले होते. सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या पहिल्याच फटक्यात म्हणाल्या, "चांगलं झालं."

भाऊजी आले ते दिवेलागणीनंतर. मी जिन्यातच गाठलं. "काय काय बोललात?"

"खूप."

"खूप म्हणजे काय?"

भाऊजी विचारात पडले. "आठवत नाही, वहिनी. पण तिच्या डाव्या भुवईत एक बारीक खूण आहे. लहानपणी सायकलवरून पडली होती. हसली की ती भुवई दुसरीपेक्षा जास्त वर जाते. आणि पुढचा एक दात किंचित तिरका आहे. आणि वहिनी, ती बोलताना ना..."

डोंगराएवढ्या राक्षसाची शिंगं ज्याला सांगता आली नव्हती, त्याने मला जिन्यात उभं करून एका चेहऱ्याचं असं वर्णन केलं की माझी आमटी उतू गेली.

भिंत महिनाअखेर गेली, तिच्या नव्या शाखेत. टोळीत आता नवी भिंत आलीये, जरा ठिसूळच आहे. भाऊजी सुट्टीच्या दिवशी सकाळची बस पकडून तिच्या गावी जातात. ऑफिसातला जोडीदार अजूनही ड्युटीसाठी फोन करतो. भाऊजी कधी नाही म्हणतात, कधी हो म्हणून येतात आणि चेहरा पाडून बसतात. हेडफोन अजून त्याच्याकडेच आहे. माणूस एका कॉफीने बदलत नाही.

ती त्यांना गाडी शिकवतेय. तिने फोनवर मला सांगितलं, कारण आता ती मलाही फोन करते. म्हणाली, "वहिनी, यांचे हात चांगले आहेत, पाय चांगले आहेत. फक्त नजर पुढे राहत नाही. सारखे आरशात बघतात. मागून कुणी आला की कडेला घेऊन थांबतात, त्याला जाऊ देतात. काल एका सायकलवाल्यासाठी थांबले. त्याला जायचंच नव्हतं, तो टायरमध्ये हवा भरत होता."

"मग तुम्ही काय करता?"

"माझ्या बाजूला माझा ब्रेक आहे, पण त्याचा काही उपयोग नाही. यांना थांबवायची गरजच पडत नाही. मी नुसती ओरडते, पुढे बघा!"

परवा संध्याकाळी मी वर कपडे घेऊन गेले तर खेळ ऐन रंगात आला होता. भडक्या पेटला होता आणि जिवाच्या आकांताने ओरडत होता, "मलम, औषध! मलम, कुठे आहेस?" भाऊजींची पट्टी लाल झालेली मला दाराशीच दिसली. त्यांचा हात नेहमीसारखा भडक्याकडे गेला. तिथे थांबला. मग ते खाकरले आणि म्हणाले, "थांब रे जरा. आधी माझं घेतो."

भडक्या धाडकन पडला आणि पडल्या पडल्या काहीबाही बोलायला लागला. त्याचं बोलणं पुरं व्हायच्या आतच खालून, जेवायला दोनदा हाक मारूनही ज्या उठत नाहीत, त्या सासूबाईंचा आवाज आला.

"शाबास! आता उठव त्या मेल्याला."